शंभूनाथ डे

डॉ. शंभूनाथ डे (१ फेब्रुवारी, १९१५ – १५ एप्रिल, १९८५) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व जंतुशास्त्रज्ञ होते. पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार जुलाबावाटे वाहून जातात, हे त्यांनी कोलकात्यात सशांवर केलेल्या प्रयोगांनी सिद्ध केले. हा शोध १९५९ साली प्रसिद्ध झाला. पटकीत रोगी मरतो तो शरीर कोरडे पडल्यामुळे, हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक होते. परंतु शरीर इतक्या झपाट्याने कोरडे का पडते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर डे यांच्या कार्यातून मिळाले. लहान मुलांच्या अतिसारावर आज घरोघरी दिल्या जाणाऱ्या जलसंजीवनीमागील शास्त्रीय विचार समजून घेताना त्यांच्या संशोधनाचा उल्लेख करावाच लागतो. असे असूनही हयातीत त्यांच्या वाट्याला मानसन्मान फारसे आले नाहीत.

बालपण आणि शिक्षण

शंभूनाथांचा जन्म बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या गावी झाला. वडील दाशरथी डे यांचा किरकोळ व्यापार होता व घरची परिस्थिती बेताची होती. कुटुंबात शिक्षणाची परंपरा नव्हती. शिकलेले असे घरात त्यांचे काका आशुतोष होते आणि पुतण्याच्या शिक्षणाकडे त्यांनीच लक्ष दिले. गावच्या शाळेतून शंभूनाथ मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. शिष्यवृत्ती मिळाल्याने त्यांना हुगळी मोहसीन महाविद्यालयात प्रवेश घेता आला. तेथील विज्ञान शाखेचे शिक्षण संपवून ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

१९३९ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि १९४२ मध्ये उष्णकटिबंधीय रोगांच्या अभ्यासक्रमाची पदविका मिळविली. पदवीनंतर ते आपल्याच महाविद्यालयात विकृतिशास्त्र विभागात प्रयोगनिर्देशक म्हणून काम करू लागले. त्याबरोबर काही काळ त्यांनी खासगी वैद्यकीय व्यवसायही केला. पण त्यांचा खरा ओढा प्रयोगशाळेकडे होता. महाविद्यालयातील प्राध्यापक एम. एन. डे यांनी या होतकरू तरुणाची बुद्धिमत्ता हेरली. त्यांची कन्या तरुबाला हिच्याशी शंभूनाथांचा विवाह झाला.

लंडनमधील संशोधन

१९४७ साली शंभूनाथ लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे विख्यात प्राध्यापक रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. या काळातील त्यांचे महत्त्वाचे काम फुप्फुसात पाणी साठण्याच्या विकारावर होते. रक्तवाहिन्यांमधला द्रव आपली जागा सोडून ऊतींमध्ये का व कसा झिरपतो, हा त्या अभ्यासाचा गाभा होता. १९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली व ते मायदेशी परतले.

शरीरातील पाणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे हा विषय लंडनमध्ये त्यांच्या डोक्यात बसला होता. कोलकात्यात परतल्यावर त्यांनी निवडलेला रोगही असाच होता. पटकी झालेल्या रोग्याच्या शरीरातून काही तासांत कित्येक लिटर पाणी बाहेर पडते. बंगालमध्ये या रोगाचे रुग्ण दरवर्षी रुग्णालयात येत. त्यामुळे अभ्यासासाठी साधन शोधत दूर जाण्याची गरज नव्हती. नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात रुजू होऊन त्यांनी तुटपुंज्या साधनांनिशी पटकीचा अभ्यास सुरू केला. आरंभी त्यांनी पटकीने मरण पावलेल्या रोग्यांच्या मूत्रपिंडात होणारे बदल तपासले.

तत्कालीन समजुती

पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात तो वेगळा करून वाढविला. हा जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा तर्क कॉख यांनीच मांडला होता. परंतु तो सिद्ध करता आला नाही. पुढील सत्तर-पंचाहत्तर वर्षे संशोधक त्या विषाच्या मागावर होते. जंतू मेल्यावर त्याच्या शरीराच्या आवरणातून बाहेर पडणारे अंतर्विषच रोगाला कारण असते, अशी समजूत त्या काळात बळावली. म्हणून जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या रक्तात अथवा उदरपोकळीत टोचून पाहण्याची पद्धत रूढ झाली. अशाने प्राणी आजारी पडत किंवा मरत. मात्र माणसासारखे जुलाब त्यांना होत नसत.

दुसरी एक समजूतही तितकीच रुजलेली होती. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि उघड्या पडलेल्या जागेतून पाणी झिरपते, असे मानले जाई. शवविच्छेदनात दिसणारे अस्तराचे झडणे हा पुष्कळदा मृत्यूनंतरचा बदल असतो, हे तेव्हा ध्यानात आलेले नव्हते. या समजुतीचा परिणाम उपचारावरही होत होता. आतडेच निकामी झाले असेल तर तोंडाने पाणी देऊन उपयोग काय, असा प्रश्न डॉक्टरांपुढे उभा राही.

उपचाराच्या बाजूने पाहता, शिरेतून क्षारजल देण्याचा पहिला प्रयोग स्कॉटलंडमधील डॉक्टर थॉमस लाट्टा यांनी १८३२ साली केला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात हा उपचार सुधारून पटकीतील मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. पण त्यासाठी निर्जंतुक द्रावण, सुया, नळ्या आणि शिकलेला माणूस हवा. खेड्यातील रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचण्याआधीच दगावत असे आणि त्यांत लहान मुले अधिक असत. मुलाचे शरीर लहान, त्यातील पाण्याचा साठाही लहान. त्यामुळे मोठ्या माणसाला काही काळ सोसणारी तूट मुलाला थोड्याच वेळात संकटात नेते.

सशाच्या आतड्यावरील प्रयोग

डे यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. पटकीचा जंतू माणसाच्या आतड्यात वाढतो, रक्तात शिरत नाही. तेव्हा त्याचा परिणाम रक्तात किंवा उदरपोकळीत न शोधता आतड्यात शोधावा, असा त्यांचा विचार होता. त्यांनी प्रौढ सशाला भूल देऊन पोट उघडले व लहान आतड्याचा एक तुकडा, रक्तपुरवठा न तोडता, दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून टाकला. या बांधलेल्या वेटोळ्यात पटकीचे जिवंत जंतू टोचले. तुलनेसाठी शेजारच्या वेटोळ्यात जंतू नसलेला द्रव टोचला. मग पोट शिवून सशाला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले. पुन्हा तपासणी केली तेव्हा जंतू टोचलेले वेटोळे द्रवाने टम्म फुगलेले आढळले. तो द्रव पटकीच्या रोग्याच्या तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबाशी मिळताजुळता होता. शेजारचे वेटोळे मात्र रिकामे होते.

डी. एन. चटर्जी यांच्यासह केलेले हे काम १९५३ साली ब्रिटनमधील विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा तऱ्हेचा प्रयत्न १९१५ साली व्हिओल व क्रेंदिरोपुलो या दोन संशोधकांनी केला होता, पण तो विस्मरणात गेला होता. डे यांनी ही पद्धत स्वतंत्रपणे उभी केली आणि तिला भरवशाच्या चाचणीचे रूप दिले. तिला महागडी उपकरणे लागत नसत आणि निष्कर्ष डोळ्यांनी पाहता येत असे. एकाच सशात अनेक वेटोळी बांधून अनेक नमुन्यांची तुलनाही करता येई. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी अतिसाराच्या जंतूंची परीक्षा करण्यासाठी हीच पद्धत स्वीकारली.

१९५९ चा शोध

१९५५ साली डे कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र व जंतुशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. वेटोळ्यात द्रव साठतो हे सिद्ध झाले होते. पण तो जंतूंच्या प्रत्यक्ष उपस्थितीमुळे साठतो की त्यांनी बाहेर सोडलेल्या एखाद्या पदार्थामुळे, हे ठरायचे होते. डे यांनी जंतू द्रवमाध्यमात वाढविले, नंतर तो द्रव जंतूंना अडवून धरणाऱ्या गाळणीतून गाळून घेतला आणि एकही जंतू नसलेला हा गाळलेला द्रव सशाच्या बांधलेल्या वेटोळ्यात टोचला. वेटोळे पूर्वीसारखेच फुगले.

याचा अर्थ असा की, रोगाचे मुख्य लक्षण निर्माण करण्यासाठी जंतू जागेवर असण्याचीही गरज नव्हती. जिवंत जंतू वाढत असताना जे विष बाहेर सोडतात, ते एकटेच आतड्यातून पाणी ओढून काढण्यास पुरेसे होते. हे मृत जंतूच्या आवरणातील अंतर्विष नव्हते. ते आतड्यावर काम करणारे बहिर्विष, म्हणजे आंत्रविष होते. हा निबंध ३० मे १९५९ रोजी ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तो जेमतेम दोन पृष्ठांचा होता आणि त्याखाली एकट्या डे यांचे नाव होते.

मुंबईतील समांतर संशोधन

त्याच वर्षी मुंबईतही याच दिशेने काम झाले. परळ येथील हाफकिन संस्थेत एन. के. दत्त व त्यांचे सहकारी सशाच्या तान्ह्या पिलांवर पटकीचा अभ्यास करीत होते. तान्ह्या पिलांना पटकीचे जंतू दिल्यास त्यांना माणसासारखेच जुलाब होतात, हे दत्त व हब्बू यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले होते. १९५९ साली दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी पिलांना जिवंत जंतूंऐवजी जंतूंपासून तयार केलेला निर्जंतुक अर्क दिला आणि तरीही जुलाब झाल्याचे नोंदविले. कोलकाता आणि मुंबई येथील प्रयोगांची रीत वेगळी होती. निष्कर्ष मात्र एकमेकांना पुष्टी देणारे होते. पटकीच्या विषाचा पुरावा अशा रीतीने एकाच वर्षी भारतातील दोन शहरांतून पुढे आला.

ई. कोलाय आणि बालकांचा अतिसार

डे यांच्या पद्धतीचा उपयोग पटकीपुरता मर्यादित राहिला नाही. बालकांच्या जुलाबांचे कारण पुष्कळदा पटकीहून वेगळे असते. ई. कोलाय हा जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातही राहतो. त्यामुळे तो रोगाला जबाबदार असू शकतो का, याविषयी संशय होता. १९५६ साली डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या रोग्यांकडून मिळालेले ई. कोलायचे प्रकार सशाच्या वेटोळ्यात टोचून पाहिले. त्यांतील काही प्रकारांनी पटकीच्या जंतूप्रमाणेच द्रव साठविला. ई. कोलायचे काही प्रकार आंत्रविष तयार करतात, हे पुढे इतर संशोधकांनी सविस्तर सिद्ध केले. विकसनशील देशांतील लहान मुलांच्या अतिसाराचे ते एक प्रमुख कारण असल्याचे आज मानले जाते.

उपेक्षा आणि स्वीकार

१९५९ च्या निबंधाची दखल लगेच घेतली गेली नाही. अंतर्विषाची समजूत पक्की होती आणि तिला छेद देणारा निष्कर्ष एका लहानशा विभागातून आलेला होता. पहिली काही वर्षे इतर संशोधकांच्या लेखनात या निबंधाचे संदर्भ क्वचितच आढळतात. १९६० च्या दशकात मात्र चित्र पालटत गेले. १९६० साली गँगारोसा व सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याच्या अस्तराचे सूक्ष्म तुकडे तपासून अस्तर शाबूत असल्याचे दाखविले. त्यामुळे सोललेल्या आतड्याची जुनी कल्पना मागे पडली आणि डे यांच्या निष्कर्षाला बळ मिळाले.

हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे करणे हा पुढचा टप्पा होता. डे यांनी त्या दिशेने प्रयत्न केले, परंतु त्यासाठी लागणारी साधने त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हती. १९६९ साली अमेरिकेतील रिचर्ड फिंकेल्स्टाइन व जोसेफ लोस्पालुटो यांनी विष शुद्ध केले. त्याच्या कार्याचे स्वरूप पुढे स्पष्ट झाले. विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीला चिकटतो व दुसरा भाग पेशीत शिरून तेथील संदेशवाहक रसायनाची पातळी वाढवितो. त्यामुळे पेशी क्लोराइड सतत बाहेर टाकू लागतात, नेहमीचे मीठ आत घेणे थांबवितात आणि क्षारांच्या मागोमाग पाणी आतड्याच्या पोकळीत वाहते. पेशी मरत नाहीत. त्या केवळ उलट दिशेने काम करू लागतात. पेशींना चिकटलेले विष औषधाने सुटत नाही. काही दिवसांत जुन्या पेशी झडून नव्या येतात आणि जुलाब आपोआप थांबतात. तोवर रोग्याला पाणी पुरवीत राहणे, हाच उपचाराचा मुख्य भाग ठरतो.

उत्तरायुष्य

डे यांनी तीसहून अधिक शोधनिबंध लिहिले. पटकीची विकृती आणि तिची कारणमीमांसा यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६१ साली एडिंबरा येथून प्रकाशित झाला. अध्यापन, रुग्णालयातील तपासण्या आणि विभागाचा कारभार सांभाळून ते संशोधन करीत. १९७३ साली ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले. ते प्रसिद्धीपासून दूर राहणारे होते. मोठ्या पदांसाठी किंवा पुरस्कारांसाठी त्यांनी खटपट केल्याचे आढळत नाही.

१९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने पटकी व तत्सम अतिसारांवर स्टॉकहोम येथे परिसंवाद भरविला. त्यासाठी डे यांना निमंत्रण मिळाले. ज्या विषाचा पुरावा त्यांनी जवळजवळ वीस वर्षांपूर्वी दिला होता, त्यावर काम करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांमध्ये ते तेथे उपस्थित होते. नोबेल पारितोषिक विजेते अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचविले होते. हे पारितोषिक त्यांना मिळाले नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.

जलसंजीवनीशी असलेला संबंध

जलसंजीवनीचा शोध डे यांनी लावलेला नाही. साखर व मिठाच्या पाण्याचा तो उपचार अनेकांच्या कामातून घडत गेला. ज्या १९५३ साली डे यांचा वेटोळ्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी कोलकात्यातीलच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण देऊन बरे केल्याचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये दिला होता. परंतु असे द्रावण का उपयोगी पडावे, याचे स्पष्टीकरण तेव्हा उपलब्ध नव्हते.

पुढे आतड्यात ग्लुकोज व सोडियम हे जोडीने शोषले जातात, असे शरीरक्रियाशास्त्रातील संशोधनातून दिसून आले. पटकीच्या विषाने मिठाचे नेहमीचे शोषण थांबते. ग्लुकोजबरोबर होणारे शोषण मात्र चालू राहते. आतडे शाबूत असते आणि एक दार उघडे असते, असे याचे सोपे वर्णन करता येईल. डे यांच्या प्रयोगातून निघणारा निष्कर्ष आणि ही माहिती एकत्र ठेवली की तोंडाने पाणी देण्याचा उपचार तर्काला धरून होतो. १९६८ साली ढाका येथे डेव्हिड नलीन व रिचर्ड कॅश यांनी रोग्यांवर या उपचाराची यशस्वी चाचणी घेतली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-ग्लुकोजचे पाणी वाटले आणि ते रोग्यांच्या नातेवाइकांकडून पाजवून घेतले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण तेथे शेकडा ३.६ पर्यंत उतरले. उपचार करणारा हात डॉक्टरचाच असला पाहिजे असे नाही, तो आईचाही असू शकतो, हे त्या छावणीत दिसून आले.

१९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० पासून घरोघरी कार्यकर्त्या पाठवून एक मूठ गूळ, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ आणि अर्धा शेर पाणी, असे मिश्रण करण्यास स्त्रियांना शिकविले. सुमारे दहा वर्षांत हे शिक्षण १ कोटी २० लाख घरांपर्यंत पोहोचले. १९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले दरवर्षी अतिसाराने मरत, असा अंदाज होता. अलीकडे हा आकडा ५ लाखांच्या खाली आला आहे. या घटीत शुद्ध पाणी, लसीकरण व पोषण यांचाही वाटा आहे. जलसंजीवनीचा वाटा त्यांत मोठा मानला जातो.

घरगुती उपचाराचे आजचे स्वरूप

डे यांनी दाखविलेली रोगाची वाट ध्यानात घेतली म्हणजे आजच्या घरगुती उपचाराचे नियम समजण्यास सोपे जातात. मुलाला जुलाब सुरू होताच, शरीर कोरडे पडण्याची वाट न पाहता, जादा द्रवपदार्थ देणे हा पहिला नियम आहे. जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी लागते. अर्धी पुडी किंवा अंदाजाने घेतलेले पाणी चालत नाही. २००२ पासून वापरात असलेल्या प्रमाणित सूत्रानुसार १ लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट लागते. तयार द्रावण २४ तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्रावण चमच्याने किंवा वाटीने घोट घोट पाजावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरुवात करावी. पुडी मिळत नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तात्पुरते काम भागविता येते. मीठ जास्त झाल्यास ते धोक्याचे ठरते आणि साखर जास्त झाल्यास जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड पेये याच कारणाने टाळली जातात. मीठ घातलेली भाताची पेज व ताक हे पदार्थ घरात सहज होणारे व उपयुक्त आहेत.

जुलाब लागले की मुलाचे खाणेपिणे बंद करण्याची जुनी रीत आता चुकीची ठरली आहे. आईचे दूध चालूच ठेवावे व मोठ्या मुलाला नेहमीचे मऊ अन्न थोडे थोडे द्यावे. जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस दिल्याने आजार लवकर आटोक्यात येतो; सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम व त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम हे प्रमाण आहे. डोळे किंवा बाळाची टाळू खोल जाणे, मूल मलूल पडणे, पाणी पिता न येणे, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू पूर्ववत होणे, वारंवार ओकारी होणे, जुलाबात रक्त दिसणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच मुलाला विनाविलंब दवाखान्यात न्यावे लागते आणि वाटेतही शक्य असेल तर पाणी पाजत राहावे लागते.

सन्मान आणि स्मृती

हयातीत डे यांना भारतातील कोणत्याही प्रमुख विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९८६ साली, शास्त्रीय लेखनातील संदर्भांचे अभ्यासक यूजीन गारफील्ड यांनी त्यांच्या १९५९ च्या निबंधाचे मोल व त्याची झालेली उपेक्षा यांकडे लक्ष वेधले. १९९० साली बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला आणि भारतीय विज्ञानजगताला त्यांची नव्याने ओळख झाली.

मोठा निधी, परदेशी प्रयोगशाळा किंवा सहकाऱ्यांचा मोठा ताफा यांवाचूनही मूलभूत शोध लागू शकतो, याचे उदाहरण म्हणून आज शंभूनाथ डे यांचे नाव घेतले जाते. कोलकात्यातील रुग्णालयात रोज डोळ्यांपुढे असलेला रोग त्यांनी अभ्यासासाठी निवडला आणि योग्य प्रश्न योग्य जागी विचारला. पटकी व इतर अतिसारांवरील त्यानंतरचे बरेचसे संशोधन त्यांनी घातलेल्या पायावर उभे आहे.